खापरसड्याचा उजेड

विमान यायच्या आधी लवू धावपट्टीवरची गुरं हाकायला गेला. रोजचंच काम.

नाना गोष्ट अशीच सुरू करतो, भूतबीत काही नसल्यासारखी. संध्याकाळची वीज गेलेली, अंगणात त्याची रिक्षा, आणि पायरीवर कॉलेज सोडून बसलेली आम्ही तीन पोरं.

"लवू म्हंजे सुगंधाचो घोव?" यतीनने विचारलं.

"तोच. माझ्या वांगडाचो, माझो दोस्त. आणि आधीच सांगतंय, आयकल्यावर घराक जावक भियाशात, तेव्हा हंयच पसरा."

"भुतांक नाय भियत, नाना. बापाशीक भियतांव."

आम्ही हसलो. नाना हसला नाही. त्याने विडी पेटवली आणि काडी फुंकर न मारता बोटांत विझू दिली.

खापरसडा हे आमच्या गावावरचं कातळाचं पठार. तिथला विमानतळ म्हणजे कातळ फोडून केलेली डांबराची पट्टी, पत्र्याची एक खोली, खोलीत वायरलेस आणि एक साहेब, आणि बाहेर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी. मुंबईहून अठरा माणसांचं विमान यायचं, इथे उतरायचं, मग गोव्याला जायचं. दोन हिवाळे चाललं. मग कंपनी बुडाली. आता तिथे गुरंच बसलेली असतात.

लवूची जमीन पट्टीखाली गेली, म्हणून त्याला नोकरी मिळाली. खाकी शर्ट आणि हातात गुरं हाकायची शिमटी. लहानपणी रतांब्याच्या झाडावरून पडला होता, डावा पाय फरफटायचा. त्यामुळे त्याची डावी चप्पल नेहमी टाचेच्या बाहेरच्या कडेला झिजायची, पार शिवणीपर्यंत. उजवी नव्यासारखी. सावंतवाडीला तळ्याजवळ महादू चपला शिवायला बसतो, तो त्याला म्हणायचा, "लवू, तू घराक रव, नुसती चप्पल धाड. माका कळता कोणाची ती." सगळा गाव ही मस्करी करायचा. लवूही करायचा.

आता देवळाच्या मानकऱ्यांचं सांगतो.

जमिनी देताना त्यांनी कंपनीपुढे एकच अट घातली. पोरांना नोकऱ्या द्या, दवाखाना द्या, असलं काही नाही. अट अशी की सड्यावर विजेचे दिवे लावायचे नाहीत. कारण सड्यावरून देवचाराची वाट जाते. देवचार म्हणजे गावाचा राखणदार. खांद्यावर घोंगडी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात पेटती चूड, झावळांची मशाल. अमावास्येला तो सीमा फिरतो. देवदिवाळीला त्याच्या पाषाणापाशी चामड्याच्या नव्या वहाणा ठेवायच्या, आणि गेल्या वर्षीच्या झिजलेल्या उचलायच्या. हे पिढ्यान्‌पिढ्या. त्याच्या वाटेवर डांबर ओतलेलं मानकऱ्यांना चाललं. बल्ब चालला नाही.

कंपनीचा खर्च वाचला, तिने मान डोलावली. विमान दिवसाउजेडी उतरवू म्हणाली. अडीअडचणीला म्हणून रॉकेलचे दिवे आणून ठेवले. पत्र्याची, झारीसारख्या लांब नळीची भांडी, नळीत वात. मानकऱ्यांनी तीही देवळाच्या भांडारात नेऊन कुलूप घातलं. किल्ली मोठे मानकरी दाजी यांच्या कमरेला.

ही आमची मोठी माणसं. देव जमिनीसकट देऊन टाकतात आणि किल्ली तेवढी स्वतःकडे ठेवतात.

"मेल्या, तू सांगतंस की मी सांगतंय?" नाना माझ्यावर खेकसला.

"सांग, सांग."

तारीख वीस नोव्हेंबर दोन हजार सहा. सोमवती अमावास्या. दुसऱ्या दिवशी देवदिवाळी. लवूच्या रूपालीला, सात वर्षांच्या पोरीला, काळजाला भोक होतं. मुंबईत ऑपरेशन झालं. टाके ओले, रस्त्याचे धक्के लागता कामा नयेत, असं डॉक्टर म्हणाले. लवूला कंपनीचे वर्षाला दोन पास मिळायचे. एकावर रूपाली, एकावर तिची आई सुगंधा. नाना रिक्षाच्या सीटवर गोधडी अंथरून दुपारपासून खोलीबाहेर उभा होता.

विमान मुंबईहूनच उशिरा सुटलं. लवूने गुरं हाकली. ती परत आली, त्याने परत हाकली. सूर्य समुद्रात गेला. मग आवाज आला. विमान डोक्यावरून गेलं, एक फेरी मारली, आणि गोव्याच्या दिशेने निघून गेलं.

"जाऊ दे," साहेब म्हणाला, "गोव्याला उतरतील. सकाळी गाडीने आणू."

लवूने मान हलवली. गुरांना एक शिवी घातली. विडी मागितली.

विडी अर्धी झाली असेल. साहेब खोलीतून बाहेर आला. 

गोव्यावर वादळ होतं. अवेळीच. दोनदा प्रयत्न केला, पट्टी दिसेना. विमान परत इकडे वळलं होतं. मुंबई गाठायला तेल नव्हतं.

"दिवे," साहेब म्हणाला. "ते रॉकेलचे दिवे कुठे आहेत?"

लवू तोपर्यंत रिक्षात बसला होता.

देवळात मानकरी जमलेले. देवदिवाळीचं गाऱ्हाणं ठरवत होते. लवू चप्पल न काढता पायरी चढला.

"दाजीनू, किल्ली द्या."

"लवू, आज सोमवती."

"माका ठावक आसा. माझा चेडू वर आसा, दाजीनू. विमान उतराक उजेड व्हयो."

दाजी शांतपणे बोलले. असली माणसं नेहमी शांतपणेच बोलतात. "अवसेक सड्यार उजेड तेचोच. दुसऱ्यान केलो, तर देवचाराचा काम तेच्या अंगार पडता. बापजाद्यांनी पाळल्यानी. माका सगळो गाव बघूचो आसा."

"माझा चेडू गावातला नाय?"

कौलांवरून आवाज गेला. जड, घरघरणारा. सगळ्यांनी वर पाहिलं. नुसते वासे दिसले.

"दाजीनू, तुमच्या पायार डोका ठेवतंय." आणि त्याने ठेवलं. "किल्ली द्या. मगे माका गावाभायेर काढा. काय ता करा."

दाजींनी पाय मागे घेतले. हात जोडले. "देवाक गाऱ्हाणा घालतंव. तो बघीत." आणि सुरू केलं, "बा देवा म्हाराजा..."

"होय म्हाराजा!" बाकीच्यांनी.

लवू उठला. कोपऱ्यात पहार होती. त्याने ती घेतली आणि भांडाराच्या कुलपावर घातली.

गाऱ्हाणं एकदा सुरू झालं की मध्ये तोडायचं नाही, जागेवरून उठायचं नाही. हाही बापजाद्यांचाच नियम. त्यामुळे त्याला अडवायला कोणी उठलं नाही. मदतीलाही कोणी उठलं नाही. "ह्या लेकराची चूक पोटात घाल, म्हाराजा." घाव. "होय म्हाराजा!" घाव. कुलूप पडलं.

दिवे अर्धेच निघाले. बाकीची भांडी गंजून तळाला भोकं पडलेली. रॉकेल एक डबा.

नाना पट्टीच्या कडेने रिक्षा चालवत गेला, लवू उतरून भांडी ठेवत गेला. पट्टीच्या मध्यावर भांडी संपली. पुढे काळोख. त्या काळोखाच्या शेवटी कडा, आणि कड्याखाली समुद्र.

"अर्ध्यावर विमान थांबत नाही," साहेब ओरडून म्हणाला. "पायलटला शेवट दिसला पाहिजे!"

"दिसात," लवू म्हणाला. त्याने माडाच्या सुक्या झावळाची चूड बांधली, उरलेल्या रॉकेलात बुडवली. "नाना, तू रिक्षा हंय सुरवातीक उभी कर. लायट विझव नको. मी वाती पेटवत पेटवत शेवटाक जातंय. चूड घेवन थंयच उभो रवतंय."

"लवू, मी येतंय."

"आणि लायट कोण धरतलो? तुझी आवस?"

त्याचं हे शेवटचं बोलणं. आईवरून होतं, पण शिवी नव्हती ती. तो तसाच बोलायचा.

चूड पेटली. निघाला.

काळोखात माणूस दिसत नव्हता, नुसती चूड. एका पावलाला सरळ, दुसऱ्याला खाली. सरळ, खाली. मागे एकेक वात पेटत होती. वर विमान फिरत होतं. एका फेरीला त्याचे दिवे इतके खाली आले, की नानाला खिडक्या दिसल्या.

चूड शेवटच्या भांड्यापाशी पोचली. ती वात पेटली.

चूड पुढे गेली. सरळ, खाली. सरळ...

विझली.

"लवू!"

वारा नव्हता. विझायला कारण नव्हतं.

"लवू रे!"

टिटवी ओरडायची ती पण गप्प.

मग पुढे, जिथे भांडं नव्हतंच... तिथे एक उजेड पेटला. जमिनीलगत.

मग दुसरा.

मग पलीकडच्या कडेला. तिकडे तर कोणी गेलंच नव्हतं.

एकेक करून. घाई नाही. ओळीने. पार कड्यापर्यंत. आणि कड्यावर एक उजेड उंच. हलत नव्हता. माणसाने हात वर केला तरी पोचणार नाही एवढा उंच.

साहेब नानाच्या शेजारी उभा होता. त्याने विचारलं, "किती माणसं आणलीत?"



विमान उतरलं. त्या दोन ओळींच्या मधोमध उतरलं. पार शेवटाजवळ जाऊन थांबलं, वळलं, आणि हळूहळू परत आलं. दार उघडलं. माणसं रडत उतरत होती. कोणी डांबराला हात लावून डोक्याला लावला. सुगंधा रूपालीला छातीशी धरून उतरली. पोर जागी होती. घाबरलेली अजिबात नव्हती.

"बाबा खंय गेलो?" तिने नानाला विचारलं. "आताच तर थंय होतो. खिडकेतसून दिसलो माका."

"थंय... शेवटाक आसा, बाय. येता."

"आणि तेच्या वांगडा तो घोंगडेवालो कोण?"

नाना वळला.

कड्यावरचा उंच उजेड नव्हता. त्याच्या अलीकडचे विझत होते. एकेक. तिकडून इकडे... मध्यापर्यंत. मध्यावर थांबलं. लवूने ठेवलेली भांडी तेवढी जळत राहिली.

नाना रिक्षा घेऊन शेवटापर्यंत गेला. हेडलाइटमध्ये कातळ दिसला. मध्याच्या पुढे एकही भांडं नव्हतं, काजळी नव्हती, राख नव्हती.

मच्छीमारांनी कड्याखालचं पाणी धुंडाळलं. पोलिसांनी सडा पालथा घातला. लवू मिळाला नाही. त्याची चूडही मिळाली नाही.

आणि मानकरी? दुसऱ्या दिवशी देवदिवाळी होती. वाजतगाजत सड्यावर गेले, पाषाणापाशी नव्या वहाणा ठेवल्या, आणि दाजी म्हणाले की देवाने गाऱ्हाणं ऐकलं, विमान वाचलं.

नाना थांबला. रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली. तिचा उजेड भिंतीवरून फिरला, तेव्हा यतीन माझ्याकडे सरकून बसल्याचं मला कळलं.

"पुढल्या वर्साक," नाना म्हणाला, "वहाणा उचलूक गेले. उजवी जशी ठेवलेली तशीच. आणि डावी..."



"डावी काय?"

"दाजी म्हणालो, कुत्र्यान खाल्ल्यान. सगळे म्हणाले, होय, कुत्र्यान. सुगंधा बायकांत उभी होती. पुढे इली, डावी वहाण उचलल्यान, पिशयेत घातल्यान. कोणाची आडवची हिंमत झाली नाय. माका म्हणाली, नानानू, रिक्षा काढा. सावंतवाडीक जावचा आसा."

महादूला यातलं काही ठाऊक नव्हतं. सावंतवाडीतला माणूस तो, आमच्या सड्यावरची बातमी त्याच्यापर्यंत कशाला जाते? त्याने वहाण हातात घेतली. उलटी केली. टाचेच्या बाहेरच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग नाकाशी नेली.

"रॉकेल सांडल्यान हेच्यार?" म्हणाला. आणि हसला. "लवूचीच ना ही? वर्सभर खंय होतो तो? हंय फिरकलो नाय."

सुगंधाने रिकाम्या पिशवीची घडी घातली.

"तेका सांग, बाय. वायच दमान चाल. एका वर्सात कोण इतक्या चालता?"

वीज आली. नानाच्या घरातला पंखा कुरकुरत फिरायला लागला. कोणीच उठलं नाही.

"मगे?" यतीनने हळूच विचारलं.

"मगे काय... डाव्या टाचेक जाड चामडा लावन घेतल्यान, आणि काळोख पडाच्या आधी परत सड्यार नेवन ठेवल्यान." नानाने विझलेली विडी उगाच ओढली. "दर देवदिवाळीक नवीन लावचा लागता."