अकरा की अठ्ठावीस?

भाग्यश्रीच्या हातून टेपचं टोक सुटलं आणि सळसळत लांब गेलं... एका बुटानं ते अलगद दाबून धरलं.

"सोडू का धरू, मॅडम?"

"धरा."

कसबा बावड्यात आकाराम अण्णांचं गुळाचं गोदाम उभं राहत होतं. लोखंडी खांब उभे करत होता ऋतुराज, आणि ते किती वजन पेलतील याचा दाखला द्यायचा होता इंजिनिअर भाग्यश्रीनं. खांबाची उंची सहा मीटर भरली. मोजायला मात्र उगाचच अर्धा तास लागला.

घरी हिशेब चोख जमला. माळ्यावर गूळ चढला की एका खांबावर पंधरा टन येणार. खांब पेलणार अठ्ठावीस. दाखला टाइप झाला, सही तेवढी राहिली. तेवढ्यात ऋतुराजनं फोटो पाठवला – 'रंग दिला. कसा दिसतोय?'

ती हसली... मग फोटो मोठा करून बघत बसली. दोन खांबांना मध्यावर जोडणारा आडवा अँगल कुठंय? नकाशात होता. त्या दिवशी जागेवर होता? आठवेना. त्याच्या बाहीवरची ठिणग्यांची भोकं आठवत होती, अँगल नाही.

अँगल नसेल तर खांब मध्येच वाकणार. तिनं पुन्हा मांडलं – अकरा टन. पुन्हा – अकराच. आणि उद्या सकाळी गूळ चढणार होता.

तिनं गाडी काढली आणि थेट गोदामावर गेली.

"अँगल कुठाय?"

"ट्रॉली अडकत हुती. अण्णा म्हणालं काढ, काढला."

"कधी?"

"तुम्ही मोजायला यायच्या आदल्या दिवशी."

म्हणजे समोर नसलेला अँगल तिनं हिशेबात धरला होता. तिचे कान तापले. "मग सांगितलं का नाही?"

"सांगणारच हुतो की. पण तुम्ही टेप धरून हसलासा... इसारलो."

आता रागवायचं की काय करायचं, तिला कळेना. तिनं वहीच उघडली. अँगल साठ सेंटिमीटर वर घेतला तर? ट्रॉली सुटते, खांब तेवीस टन पेलतो.

"आज बसवा. बसल्याशिवाय सही नाही."

"बसवतो. पर खात्री करायला तुम्ही थांबायला पायजे."

"का?"

"मी एकटा असलो की..." तो टेपचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिला. "न्हाय, तुम्ही असला तरी इसारतोच. पर थांबा."

भाग्यश्रीनं टेपचं दुसरं टोक उचललं. "धरलंय," ती म्हणाली. "आता सोडणार नाही."

या खेपेला मात्र तिनं आधी वर बघितलं, मग त्याच्याकडं.