झाकण आजीचं, यंत्र कोणाचं?

“पुन्हा तेच!” ऋतिका ओरडली.

टीव्हीच्या पडद्यावर लाल अक्षरं झळकत होती : ‘या यंत्रावर नकली गेम चालवले गेले आहेत. ऑनलाइन सेवा कायमची बंद.’

सुट्टीसाठी दीपनगरहून अमळनेरला आलेला तिचा आतेभाऊ गोपाळ कंट्रोलरची बटणं पुन्हा पुन्हा दाबून बघत होता. तेवढ्यात ऋतिकाचे पप्पा, हितेंद्र, फोन ठेवून आत आले.

“कंपनी म्हणते, बंदी उठणार नाही. खरं सांग, नकली गेम कोणाकडून आणलास?”

“कोणाकडूनच नाही, पप्पा! शप्पथ!”

“मग काय कंपनीचा कॉम्प्युटर खोटं बोलतो? चोरी ती चोरी, वर शिरजोरी!”

पप्पा तरातरा निघून गेले. ऋतिकाचे डोळे भरून आले. गेम गेला खड्ड्यात. पण आपल्या पप्पांनी आपल्याला खोटारडी म्हणावं, हे तिला फार लागलं.

“मनी नात लबाड नही शे!” गहू निवडणाऱ्या कुंदाबाई आजीनं तिथूनच ठणकावलं.

“थांब,” गोपाळ म्हणाला. “परवापर्यंत हे नीट चालत होतं ना? मग काय झालं?”

घरामागे कापसातली सरकी काढायचं जिनिंग होतं. तिथला कापूस उडून गेमच्या यंत्राच्या आतल्या पंख्यात अडकला, म्हणून पप्पांनी ते रतिलालभाऊंच्या दुरुस्तीच्या दुकानात साफ करायला दिलं होतं.

“तिथेच बदललं!” गोपाळनं चुटकी वाजवली.

“कसलं बदललंय! हे बघ.”

पांढऱ्या झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलं होतं : ‘कुंदाबाई’. तांब्यापासून मिक्सरपर्यंत आजी सगळ्यावर नाव घालून घेई. नवंकोरं यंत्र घरात आलं, तेव्हाही तिनं भांड्यांवर नावं घालणाऱ्या निंबाला बोलावलं होतं. ऋतिकाला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं!

आजीनं सूप बाजूला ठेवलं. “झाकण काय देखी ऱ्हायनी? डबा देख! लगनमा बठ्ठा झाकणे सारखाच दिसतस. मी दोन्हीसवर नाव टाकेल शे!”

लग्नाच्या पंगतीत एकाचं झाकण दुसऱ्याच्या डब्यावर जातं, हे आजीला अनुभवानं ठाऊक होतं, म्हणून तिनं यंत्राच्या आतही नाव घालून घेतलं होतं. ऋतिकानं झट्‌कन झाकण सरकवून काढलं. आतला सांगाडा कोराच होता. तिथे कोणाचंच नाव नव्हतं!

“झाकण आपलं, यंत्र परक्याचं!” दोघं एकदम ओरडले आणि यंत्र पिशवीत घालून, सायकलींवर टांग टाकून सुसाट निघाले.

रतिलालभाऊ आधी चिडले, मग डोकं खाजवू लागले. त्या दिवशी त्यांनी एकसारखी दोन यंत्रं एकदमच उघडली होती. “झाकणांची अदलाबदल झाली वाटतं! दुसरं यंत्र धुळ्याच्या दिलवरसिंगभाऊंचं. त्याचं पार्सल आत्ताच एसटीत ठेवून आलो. अडीचची गाडी आहे!”

घड्याळात दोन पंचवीस! सायकली स्टँडात शिरल्या, तेव्हा धुळ्याची गाडी निघण्यासाठी फलाटावरून मागे सरकत होती.

“काका, थांबा! पार्सल!” ऋतिकानं जिवाच्या आकांतानं हाक मारली.

कंडक्टरनं भुवया चढवल्या. “खोक्यावर दिलवरसिंग लिहिलंय. ते तुझं कशावरून?”

“झाकण काढून बघा. आत माझ्या आजीचं नाव आहे!”

सगळी गाडी माना उंचावून बघू लागली. झाकण निघालं. आत ‘कुंदाबाई’!

मागून धापा टाकत आलेल्या रतिलालभाऊंनी कान पकडले. “माझ्या घाईनं पोरीवर आळ आला. दिलवरसिंगभाऊंनी तरी काय केलं? त्यांनीही ते कुणाकडून जुनंच घेतलं होतं. त्यांनाही या बंदीचा पत्ता नसणार!”

“म्हणजे चोरी केली तिसऱ्यानंच आणि बंदी त्यांच्यावर!” ऋतिका म्हणाली. “आळ आला की कसं वाटतं, ते मला विचारा. कंपनीला मी त्यांच्यासाठीही लिहिणार.”

“वा गं पोरी!” कंडक्टर म्हणाला. रतिलालभाऊंनी झाकणं बदलून दिलवरसिंगभाऊंचं यंत्र खोक्यात ठेवलं आणि कंडक्टरनं घंटी मारली.

संध्याकाळी यंत्र सुरू झालं. लाल अक्षरांचा मागमूस नव्हता. पप्पा ऋतिकाशेजारी येऊन बसले.

“चुकलो मी, बेटा. कॉम्प्युटरचं ऐकलं, तुझं ऐकलं नाही. आजीचा तुझ्यावर विश्वास होता, माझाही असायला हवा होता.”

दुसऱ्या दिवशी पप्पांनी स्वतःच निंबाला बोलावलं. ‘कुंदाबाई’च्या खाली ‘ऋतिका’ कोरायचं ठरलं. निंबाचं मशीन घर्रर्र वाजू लागलं. या वेळी ऋतिकानं स्वतः यंत्र घट्ट धरून ठेवलं होतं.

“झालं झाकण!” निंबा म्हणाला.

“आता आत!” पप्पा म्हणाले.