व्हिडिओतला खंडोबा

"शिवकन्या बरी होतेय!" सकाळी अणदूर गावभर मोबाइल वाजले. तिची आई शिवप्रिया मात्र आलेला नवा व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत राहिली.

आठ वर्षांच्या शिवकन्येला रक्ताचा कर्करोग. शिवप्रियाचा दीर अमरनाथ यानं तिचे व्हिडिओ नेटवर टाकून मदत मागितली, तिला सोलापूरच्या दवाखान्यातून काढलं आणि सिद्धाराम वैद्याच्या जडीबुटीला नेलं. पथ्य एकच, आईनं भेटायचं नाही. महिनाभर लेक फक्त व्हिडिओत हसून 'मी बरी हाय' म्हणत होती. फ्रॉक दर वेळी नवा, मनगटावरची सलाइनची चिकटपट्टी मात्र तीच, एका कोपऱ्यात सुटलेली.

शिवप्रियानं तुळजापूरचं ठाणं गाठलं. नव्यानं बदलून आलेल्या फौजदार महानंदाबाईंनी अमरनाथला आणि वैद्याला समोरासमोर बोलावलं. आधी वैद्याला विचारलं.

"पोरगी कुठं आहे?"

"माझ्याकडं न्हाय, बाईसाहेब. ताप उतरंना, म्हणून म्याच म्हणलं दवाखान्यात न्या. काका घेऊन गेला."

"खोटं!" अमरनाथ उसळला. "आज सकाळीच म्या अणदूरच्या देवळात व्हिडिओ काढलाय. बघा, मागं खंडोबा दिसतोय."

शिवप्रिया मोबाइलवर वाकली. "भावजी, देव आज अणदुरात हायत?"

अमरनाथनं घाईनं मोबाइल खिशात घातला.

"म्हणजे?" महानंदाबाईंनी विचारलं.

"मूर्ती एकच हाय, बाई. देवळं दोन, अणदूर अन् नळदुर्ग. मागच्याच आठवड्यात देव नळदुर्गला गेले. मग हे आजचं कसं? पोरगी हिंडत होती तवाच ह्यांनी फ्रॉक बदलून बदलून एकाच दिवसात सगळे व्हिडिओ काढले. पट्टीसुद्धा बदलली न्हाय. आता एकेक सोडतेत. आजची पोर दाखवता येत न्हाय, कारण ती..." पुढचा शब्द तिला उच्चारवेना.

"जिवंत आहे का?" महानंदाबाई गरजल्या.

"हाय," अमरनाथनं कबूल केलं. "इथंच, लॉजवर. दवाखान्यात नेलं असतं तर औषधाचा गुण न्हाय हे फुटलं असतं. लोकांनी मदत बंद केली असती."

लॉजच्या खोलीला बाहेरून कुलूप होतं. ते तोडेपर्यंत शिवप्रिया दाराबाहेरून लेकीला हाका मारत होती. आत अंधारात पोर फणफणत पडलेली. उचलली तर अंगात वजनच नव्हतं, आणि त्याचीच शिवप्रियाला सगळ्यात जास्त भीती वाटली.

जीप सोलापूरच्या रस्त्याला लागली तेव्हा शिवकन्येनं डोळे उघडले.

"आई, लई दुखतंय."

महिनाभरात लेकीच्या तोंडून आलेलं हे पहिलं खरं वाक्य होतं.

"सांग माय, मोठ्यानं सांग," शिवप्रिया रडत म्हणाली. "कुठं कुठं दुखतंय?"