हललं तेवढंच दिसतं

“जरा हलत राहा हं, नोरीन... हललं तेवढंच दिसतं.”

टेकडीवरच्या संगणक विभागातून एल्डननं फोनवर दिलेली ती पहिली सूचना. मी विद्यापीठाच्या परवाना कार्यालयात करार लिहायची. संगणकावरून एकमेकांचे चेहरे दाखवणाऱ्या त्याच्या प्रोग्रॅमचा परवाना एका कंपनीला द्यायचा होता. न बघता लिहिणार कशी, म्हणून त्यानंच माझ्या टेबलावर कॅमेरा बसवून दिला होता.

पडद्यावर खेळायच्या पत्त्याएवढा, करडा एल्डन. प्रोग्रॅमला अजून आवाज नव्हता. चेहरा पडद्यावर, बोलणं फोनवर. तार बिचारी बारीक, म्हणून चित्राचे बारके चौकोन पाडून त्यातले बदललेले तेवढेच पुढे जात.

रोज दुपारी बाराला मी काम ठेवून प्रार्थनेला बसते. त्या दिवशी कॅमेरा बंद करायचा राहिला.

“तुम्ही उठून गेलात,” तो नंतर म्हणाला, “पण काही चौकोन वाटेत हरवले. तुमचे जोडलेले हात दुपारभर इथं पडद्यावरच... मी पुसले नाहीत.”

खिडकीबाहेर तळ्यावरचा बर्फ तडकत होता. देवासमोर दिसायला हलावं लागत नाही, एवढं मला ठाऊक होतं. माणसासमोरही, हे नवीन होतं.

मग तो निमित्तं काढून खाली येऊ लागला. एकदा डोनट घेऊन आला.

“ईस्टरपर्यंत गोड सोडलंय मी.”

“मग संध्याकाळी जेवायला?”

“करार होईपर्यंत तुमच्याकडून कॉफीही घ्यायची नाही. ऑफिसचा नियम आहे.”

“देवाचा उपास निदान ईस्टरला सुटतो. तुमच्या ऑफिसचा कधी?”

“सही झाली की—” मी म्हटलं, आणि हसू लपवायला खाली पाहिलं.

सहीच अडली. शाळांना प्रोग्रॅम फुकट राहील, हे वाक्य कंपनीला नको होतं. तळ्यापलीकडे ऐकू न येणाऱ्या मुलांची शाळा होती. ती मुलं याच पडद्यावर दूरगावच्या मुलांशी हातांनी गप्पा मारत. आम्ही दोघं जाऊन पाहून आलो होतो.

“मी त्यांना शब्द दिलाय,” एल्डन म्हणाला. आवाजात थट्टा नव्हती. “ते वाक्य जाऊ देऊ नका.”

“नाही जाऊ देणार.”

पण आज सकाळी आमच्या प्रमुख हॅस्केलबाई म्हणाल्या, “अकराला कंपनीची माणसं येतायत. ते वाक्य काढ बघू. चार पोरांपायी करार मोडायचा का?”

“बाई, त्या मुलांना बोलताना पाहिलंय तुम्ही?”

“त्यात पाहायचंय काय?”

मी टेबलाशी आले. पडद्यावर एल्डननं हात वर केला. अंगठा, तर्जनी आणि करंगळी ताठ, मधली दोन बोटं मिटलेली. त्या मुलांची प्रेम सांगायची खूण.

मी फोन उचलला. “हे काय?”

“सही झाल्यावर सांगेन.”

“मला कळतं ते.”

पलीकडून हळूच, “मग... उत्तर?”

“आधी त्या शाळेला पडद्यावर बोलाव. अकराला. मुलांनाच बोलू दे कंपनीशी.”

मी त्याला ‘तू’ म्हटलं, हे मला उशिरा कळलं. त्याला लगेच.

“बोलावतो. पण उत्तर, नोरीन?”

मी तीच खूण करून कॅमेऱ्यासमोर धरली... अगदी स्थिर.

“नोरीन? हल ना जरा!”

“आता नाही,” म्हटलं, फोन ठेवला आणि मोकळ्या हातानं कॅमेऱ्याची तार काढली. त्याच्या पडद्यावर मी आता ती खूण धरून तशीच राहणार होते.

कॅमेरा उचलून, ते वाक्य असलेला करार काखेत धरून मी बैठकीच्या खोलीकडे निघाले.