हिरवी वीट

जुन्या गाड्यांच्या त्या दुकानात ती दुपारी तीनला गेली, ती गाडी घ्यायलाच. सोबत धाकटा दीर होता. तो टॅक्सी चालवायचा, आणि घरून निघाल्यापासून त्याची टकळी थांबली नव्हती.

"वहिनी, दोन माणसांची शर्यतीची गाडी ती. भाजीची पिशवी कुठे ठेवायची? माझ्या डोक्यावर?"

"तुमचं डोकं रिकामंच असतं, भावोजी. मावेल."

तो हसला. ती नाही हसली. तिच्या पिशवीत लाकडी मुठीचा लांब स्क्रू-ड्रायव्हर होता, नवऱ्याचा.

नवरा इंजिनं बांधायचा. चणीनं ठेंगणा, म्हणून सगळा बाजार त्याला बुटका मिस्त्री म्हणायचा. गालात लवंग धरून काम करायचा. इंजिन सुरू झालं की स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्याच्यावर टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला लावायचा आणि आतलं सगळं ऐकायचा. तिलाही त्यानं ते शिकवलं होतं. आणखी एक सवय होती त्याची. इंजिन चालू असताना शटर पुरतं खाली येऊ द्यायचं नाही, खाली वीट ठेवायची. कोंडलेल्या धुरानं माणूस झोपतो तो उठत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ती गाड्यांची सीट-कव्हरं शिवायची. तिनं त्या विटेला हिरव्या रेक्झिनचा झगा शिवून दिला होता. लोक चिडवायचे, "मिस्त्री, वीट लग्नाला निघाली का?"

तीन वर्षांपूर्वी याच दुकानाच्या मागच्या खोलीत, बंद शटरआड, चालू इंजिनाशेजारी तो मेलेला सापडला. दुकानाच्या शेठनं पोलिसांना जबाब दिला, शटर त्यानंच ओढलं असणार, मी जेवायला गेलो होतो. वीट मात्र सगळ्यात वरच्या फळीवर होती. स्टुलाशिवाय मिस्त्रीचा हात तिथे पोचला नसता, आणि खोलीत स्टूल नव्हतं. ती चौकीत घसा फोडून हेच सांगत राहिली. बाईचं डोकं फिरलंय म्हणाले आणि कागद मिटले. शेठनं तर तोंड लपवलं, एकदाही तिच्यासमोर आला नाही. त्यामुळे आज त्यानं तिला ओळखलंच नाही.

गाडी लाल होती. बुटकी, लांब नाकाची, दबा धरून बसल्यासारखी. मागच्या खोलीत तीन वर्षं तशीच पडून होती.

"आधीच सांगतो," शेठ म्हणाला. त्याच्या बोटात जाड अंगठी होती, बोलताना तो ती बॉनेटवर आपटायचा. "इंजिन मूळचं नाही. दुसऱ्या गाडीचं काढून बसवलंय. पण नव्यानं बांधलेलं आहे. बोट ठेवायला जागा नाही."

"कुणी बांधलं?"

"होता एक मिस्त्री."

"होता?"

"गेला." टक टक टक. "तुम्ही गाडी बघा ना, बाई."

"बघायला काय, कुणीही बघेल. मला ऐकायचीय. सुरू करा. आणि भावोजी, तुम्ही उंच आहात, फळीवरची ती वीट काढा बघू."

वीट अजून तिथेच होती. दिरानं ती काढून तिच्या हातात दिली. धुळीनं हिरवा रंग मेला होता, पण टाके तिच्याच हातचे. शेठ विटेकडे बघत राहिला. मग त्यानं किल्ली फिरवली.

इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. खोलीत पेट्रोलचा वास भरला, आणि त्याच्या मागून हळूच लवंगेचा.

तिनं टोक टेकवलं, मूठ हाडाला लावली. आधी झडपांची टिकटिक. त्याच्या खाली पिस्टनची धाप. त्याच्याही खाली, फार खोल, कुणीतरी खोकलं. कोरडा, दबलेला खोकला. वीस वर्षं शेजारी झोपून ऐकलेला. मग पत्र्यावर नखानं ठोकल्यासारखं... एकदा, दोनदा, तीनदा... आतून.

तिनं स्क्रू-ड्रायव्हर शेठपुढे धरला.

"तुम्ही ऐका, शेठ."

"मला काय कळतंय त्यातलं?" तो हसला आणि मूठ कानामागे धरली. हसू ओठांवर तसंच राहिलं, तोंडावरचा रंग मात्र उतरत गेला.

"दहाच मिनिटं..." तो पुटपुटला.

"कसली दहा मिनिटं?"

"गिऱ्हाईक आलं होतं... इंजिन मूळचंच म्हणून सांगितलं होतं त्याला... बदललेलं दिसायला नको, म्हणून वीट काढून शटर ओढलं... तो गाडीखाली होता... म्हटलं, दहाच मिनिटं..."

"कुलूप?"

"लावलं. मग गिऱ्हाइकाबरोबर जेवायला गेलो... विसरलो हो..."

"आणि वीट?"

"आल्यावर बघितलं तर... मग वर ठेवून दिली. कुणी विचारू नये म्हणून..."

"भावोजी, ऐकलंत?"

"ऐकलं..." दीर शटरकडे सरकला. "वहिनी, चला इथून."

तेवढ्यात वर शटर कुरकुरलं. कुणी हात लावला नव्हता. सावकाश, कुणी विचार करत ओढावं तसं ते खाली येऊ लागलं. दिरानं तिचा दंड धरून तिला बाहेर खेचलं. शेठ जागचा हलला नाही.

"मुठीवरून हात निघत नाहीये..." तो आतून म्हणाला. "बाई, हात..."

शटर कमरेपर्यंत आलं. गुडघ्यापर्यंत आलं. मग वीतभर फट उरली.

"वहिनी, वीट! वीट ठेवा!"

वीट तिच्या हातातच होती. वाकायला क्षणही लागला नसता. तिनं वीट छातीशी धरली, तान्हं मूल धरावं तशी, आणि उभी राहिली. शटर जमिनीला टेकलं.

दिरानं नखं तुटेपर्यंत ओढलं. कुलूप नव्हतं, तरी शटर तसूभर उचललं गेलं नाही. आतून अंगठीचे ठोके येऊ लागले, भराभर. ती पायरीवर बसली.

"दहाच मिनिटं," ती शटरला म्हणाली.

ठोके थांबले. मग शटर आपणहून वर गेलं. शेठ पुढच्या चाकाशी पडला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, छातीत धूर नाही. धूर असणार कुठून? इंजिन हिवाळ्यातल्या लोखंडासारखं गार होतं, आणि टाकी उघडली तर आत वर्षानुवर्षांचा गंज, पेट्रोलचा थेंब नाही. दिरानं चौकीत शेठचं सगळं बोलणं सांगितलं. या वेळी ते लिहून घेतलं. शेठची अंगठी तेवढी सापडली नाही. बोटावर नुसता पांढरा वळ होता.

गाडी तिनं घेतली. शेठचा मुलगा तर ती नेली तरी पुरे म्हणत होता. तिनं सीटना हिरवं रेक्झिन लावलं. दीर तेल-पाणी बघतो, पण चालवायला घाबरतो. दर रविवारी ती बॉनेट उघडते, शटरखाली वीट ठेवते, इंजिन सुरू करते आणि कान लावते.

तो खोकला आता येत नाही. लवंगेचा वासही नाही. नवरा सुटला, असं ती धरून चालली आहे.

"काय ऐकू येतंय, वहिनी?" दीर लांबूनच विचारतो.

आत, फार खोल, पत्र्यावर ठोके पडत असतात. नखाचे नाहीत. धातूचे, जड, भराभर.

"काही नाही, भावोजी," ती मूठ कानाशी आणखी घट्ट दाबते. "जरासं वाजतंय. वाजू दे."