सात कोटी एकोणचाळीस लाख

"हा तुमचा तक्रार क्रमांक." मी चिठ्ठी खिडकीतून सरकवली. विमानतळावर माझ्या काउंटरला बॅग हरवलेलीच माणसं येतात, आणि बहुतेक जण माझ्यावरच डाफरतात. हा मात्र चिठ्ठी वाचून चक्क हसला.

"मॅडम, हा नंबर मुद्दाम दिलात?"

"कॉम्प्युटर देतो. का?"

"७३९३९१३३... ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही. आता शेवटचा आकडा झाका. उरलेल्या संख्येलाही जात नाही. पुन्हा झाका – तेच. थेट सात उरेपर्यंत. अशी याहून मोठी संख्या नाहीच."

"बॅगेत काय होतं, सर?"

"कपडे," तो ओशाळून म्हणाला.

तो सकाळी कॉलेजात गणित शिकवायचा, संध्याकाळी क्लास घ्यायचा. डोळ्यांखाली माझ्यासारखीच काळी वर्तुळं. बॅगेची चौकशी फोनवर झाली असती, तरी तो येत राहिला. मी जांभई दिली की त्यालाही यायची, मग दोघंही उगाच दुसरीकडे बघायचो.

एकदा मी विचारलं, "तुमच्या त्या संख्येच्या शेवटी अजून एक आकडा जोडला तर?"

"कुठलाही जोडा, बिघडतं. भाग जायला लागतो."

"मग माझ्यासारखीच आहे." आजारी आईला अंथरुणातून उठवणं, इथली ड्यूटी, परगावी बसून दादाचे सल्ले... एरवी कुणाला न सांगितलेलं सगळं सांगून टाकलं. "यात आणखी एक काही आलं ना, तर मी मोडेन."

त्या दिवशी तो लगेच निघाला. त्यानंतर आलाच नाही.

बॅग सापडली तेव्हा मीच फोन केला. त्याने सही केली, बॅग उचलली, निघालासुद्धा.

"येत का नव्हतात?" मी विचारलं.

तो थांबला. "तुम्हाला काही विचारायचं होतं. पण तुम्ही म्हणालात, आणखी एक आलं तर मोडेन... ते एक मला व्हायचं नव्हतं."

"सर, मी संख्या नाही हो. आणि तुम्ही आलात की मला... जरा हलकं वाटतं."

"खरंच?"

"माझी ड्यूटी संपतेय. बाहेर बाकावर बसू या?"

आम्ही कॉफी घेऊन बसलो. खूप बोलायचं ठरवलं होतं मी, बहुधा त्यानेही. प्रेमात पडलं की झोप उडते, असं मैत्रिणी सांगायच्या. माझी मात्र मान केव्हा कलली, कळलंच नाही.

जाग आली तेव्हा डोकं त्याच्या खांद्यावर होतं. तोही झोपला होता, पण माझा कप सांडू नये म्हणून हातात घट्ट धरून.

आईजवळ शेजारच्या मावशी होत्या. थोडा वेळ होता अजून.

मी त्याच्या हातातून कप अलगद सोडवून खाली ठेवला, माझा हात तिथे दिला आणि पुन्हा डोळे मिटले.