उंबऱ्यावरचा तह

एवढा शिकलेला मुलगा, पण दाराशी आला की पायांना जणू खिळे ठोकलेले. रोज संध्याकाळी मालकीणबाईंच्या लेकीला घरी सोडायला यायचा आणि पायरीखालीच उभा राहायचा. बाईंना हे मुळीच खपत नव्हतं. पडदे शिवून एकटीनं घर उभं केलेलं. त्यांच्याकडे पाहुण्यानं स्वतः आत येऊन हाक मारायची, असा रिवाज. आणि हा मेंढपाळांच्या घरातला. आईची शिकवण अशी, की घरची बाई उंबऱ्याबाहेर येत नाही तोवर परक्या छपराखाली शिरायचं नाही.

बाईंनी त्याला नाव ठेवलं होतं घोडेस्वार. यायचा सायकलवर.

लेकीची नि त्याची गाठ पडली ती संग्रहालयात, जुन्या रेशमाच्या तुकड्यापाशी. लेक साम्राज्यांचा इतिहास शिकलेली, तिथंच कामाला. तिनं काचेवर पाटी लावली : सम्राटानं भटक्या टोळ्यांना दिलेली बक्षिसी. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "बक्षिसी? आमच्याकडे याला खंडणी म्हणतात." तिनं वळून पाहिलं... आणि पुढचं उत्तर विसरली. दुसऱ्या दिवशी आठवलं, तेव्हापासून भांडण सुरू. तटबंद्या, गवताळ रानं, पूर्वेची राज्यं, पश्चिमेची राज्यं, सगळं जग पालथं घालून गाडी पुन्हा त्या पाटीवर.

पडद्यांना चुण्या घालता घालता लेक आईला सांगायची. सम्राट रेशीम द्यायचा, घोडे घ्यायचा आणि दरबारात सांगायचा, रानटी लोक पायाशी आले. टोळीचा सरदार तंबूत सांगायचा, सम्राटानं मुकाट कर भरला. पूर्वेच्या नि पश्चिमेच्या, एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या राज्यांच्या सीमांवर हेच चालायचं. मग खरं काय, असं बाईंनी विचारलं, तर म्हणाली, खरं एवढंच, की लढाई टळली आणि सीमेवर बाजार भरला. दोघंही लबाड, असं बाई म्हणाल्या खऱ्या, पण गोष्ट त्यांना मनातून पटली होती.

उद्या तो दूरच्या कुरणांवर निघणार होता, टोळ्यांच्या जुन्या वाटा शोधायला. दोन वर्षांसाठी. लेक सकाळपासून कापडाच्या उलट बाजूनं शिवत होती.

संध्याकाळी आला तो पाऊस घेऊनच. लेक दारात धावली.

"भिजतोयस. आत ये ना."

"तू नाही... तुझ्या आईनं बाहेर येऊन बोलवायला हवं."

"किती रे गर्व."

"या दारात उभं राहून राहून जडलाय."

ती हसली, मग हसू विरलं. "उद्या जाणार तू."

"थांब म्हणालीस तर—"

"मी का म्हणू? तू म्हण की, चल म्हणून."

छपराच्या कडेवरून पाणी गळत होतं. तिनं त्या धारेत हात धरला, पलीकडून त्यानं धरला... बोटं टेकली, आणि दोघांनाही पाऊस आठवेना.

खिडकीत शिलाई मशीनचं चाक थांबलं. पोरगा तापानं फणफणेल, पण वाकायचा नाही. असला ताठ कणा बाईंनी आजवर एकाच ठिकाणी पाहिला होता, आरशात.

त्या उठल्या. मशीनचं स्टूल उचललं आणि थेट उंबऱ्यावर ठेवलं. स्टुलाचे दोन पाय आत, दोन बाहेर. त्यावर पदर सावरून बसल्या आणि बोटानंच त्याला पायरी चढायला सांगितलं. तो चढला. टपटपत्या केसांनी त्यांच्यासमोर उभा राहिला, पण बघत होता मागे उभ्या लेकीकडे.

"येशील?" त्यानं विचारलं.

"पाटीवर बक्षिसीच राहील."

"राहू दे. खाली मी खंडणी लिहीन."

"मग येईन."

बाईंनी आधी लेकीला न्याहाळलं, मग त्याला. आवाज त्यांनी खणखणीतच लावला.

"ऐक, घोडेस्वारा. माझी लेक ना बक्षिसी, ना खंडणी. ती स्वतःच्या पायांनी येतेय. तुझ्या आईला खुशाल सांग, बाई उंबऱ्याबाहेर आली होती. मी गल्लीभर सांगणार, जावई पायरी चढून आला. आम्हा दोघी आयांची मान ताठ राहिली पाहिजे. आता डोकं पूस."